फळ्यावरचं वाक्य संध्याकाळपर्यंत टिकत नाही? आधी हे तपासा

मी पेंटर. आर्वी तालुक्यातल्या एका गावात ट्रॉलीचे फाळके, दुकानांच्या पाट्या आणि लग्नघरच्या भिंती रंगवतो, आणि गेली ११ वर्षं ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहितो. फळ्याचे पैसे मिळत नाहीत. चहा मिळतो, तोही सचिव जागेवर असले तर.

रेडियमवाले आल्यापासून अक्षराचं काम निम्म्यावर आलं. संगणकावर कापलेलं अक्षर माझ्यापेक्षा सरळ येतं, ते मान्य करून मोकळा झालोय. आता गिऱ्हाईक येतं ते वाक्यासाठी. "भाऊ, काहीतरी आपलं लिवून दे, दुसऱ्याच्या ट्रॉलीवर नाही असं." आणि घोडं तिथंच पेंड खातं.

यात दोन बिघाड पुन्हा पुन्हा होतात. आपलं म्हणून लिहिलेलं वाक्य दुसऱ्याचं निघतं, हा एक. वाक्य खरोखर आपलं असतं, पण दुपारपर्यंत गाव ते विसरून जातं, हा दुसरा. फवारणीसारखंच आहे हे: मावा पडलाय की अळी, हे न पाहता पंप पाठीवर घेतला तर औषध वाया जातं.

वाक्य दुसऱ्याचं निघतं तेव्हा

एका सकाळी मी फळ्यावर धीर धरण्याबद्दल एक झकास ओळ लिहिली. अंघोळ करताना सुचली होती, त्यामुळे खात्री पक्की. दहा वाजता चौथीतली एक पोरगी दप्तर घेऊन समोर उभी राहिली. "काका, हे तं माह्या वहीवर हाय." वही काढून दाखवली. शब्द न् शब्द तोच, खाली एका थोर माणसाचं नाव, वर कमळाचं चित्र. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी माझ्या पोराकडेही त्याच वह्या होत्या. मी त्या वहीवर रोज रात्री त्याचा गृहपाठ तपासत होतो.

मी चोरी केली नव्हती. डोकं असंच चालतं. ऐकलेलं आत राहतं, कुणी सांगितलं ते पुसलं जातं, आणि दोन वर्षांनी तेच वर आलं की आपल्याला सुचल्यासारखं वाटतं. हेलन केलर ही अमेरिकेतली पोरगी, तिला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. ११ वर्षांची असताना, १८९१ साली, तिनं एक गोष्ट लिहून अंधशाळेच्या प्रमुखांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापली गेली आणि मग कळलं, की तशीच गोष्ट एका लेखिकेनं आधीच लिहिलेली आहे. काही वर्षांपूर्वी ती हेलनच्या हातावर बोटांनी लिहून ऐकवली गेली होती, पण पोरीला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिथं माझी काय कथा?

तपासणी सोपी आहे. वाक्य अर्धं सांगायचं आणि थांबायचं. समोरच्यानं उरलेलं अर्धं तुमच्याच शब्दांत पूर्ण केलं, तर ते पुसा. "अपयश ही यशाची..." एवढं म्हणून पाहा. आमच्या पानठेल्यावर तिघं एकदम "पहिली पायरी" म्हणतात, तेही तोंडातला खर्रा न थुंकता.

दुसरी तपासणी मोबाइलवर. वाक्याच्या मधले चार शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधायचे. मधलेच, कारण सुरुवात आणि शेवट लोक बदलतात, मधला सांधा तसाच राहतो.

तिसरी मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. वाक्यातलं मुख्य नाम काढून दुसरं घालून पाहायचं. "संयम ही यशाची गुरुकिल्ली आहे." संयमाच्या जागी शिस्त, कष्ट, विश्वास, वेळ, मैत्री, काहीही घाला, कुलूप उघडतंच. सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली चोराकडे असते. असं वाक्य एखाद्या माणसाकडून उचललेलं नसलं तरी साच्यातून आलेलं असतं, आणि मोबाइलवर रोज सकाळी फुलांसोबत येणारी बहुतेक वाक्यं याच साच्यातली. "हरणं म्हणजे शेवट नाही, तर नवी सुरुवात आहे" हा त्याचा भाऊ. मीही असली शेकड्यानं लिहिली. त्यातलं एकही कुणी मला परत म्हणून दाखवलं नाही.

आणखी एक खोड सांगतो, कारण तिचा आग्रह मला दर महिन्याला होतो: वाक्य आपलं आणि खाली नाव मोठ्या माणसाचं. "नाव टाकलं का वाक्य चालते, पेंटरभाऊ." टाकू नका. आमच्याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे, गांधीजी तिथं १९३६ पासून राहिले, आणि जगभर त्यांच्या नावावर फिरणारं एक वाक्य आहे: जगात जो बदल पाहायचा आहे तो तुम्ही स्वतः व्हा. हे वाक्य या शब्दांत त्यांच्या लिखाणात सापडत नाही. १९१३ साली त्यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा, की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाचा कलही बदलेल. पुढच्या तोंडांनी ते लहान केलं. लहान करणाऱ्यांचं कसब मला आवडतं, पण नाव त्यांचं नाही ना लागलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामी येते.

वाक्य आपलं, पण कुणाला आठवत नाही

हाच खरा चिवट रोग, आणि यावरचा उपाय मला एका म्हाताऱ्यानं नकळत दिला.

खरिपाच्या कर्जाचे दिवस होते. मी फळ्यावर लिहिलं: "पाऊस येवो वा न येवो, कर्जावरील व्याज मात्र वाढतच राहते, म्हणून वेळेवर परतफेड करा." तीन ओळी झाल्या, शेवटचं "करा" कोपऱ्यात दाबून बसवावं लागलं. संध्याकाळी ठेल्यावर बसलो होतो. एक आजोबा शेजारच्याला सांगत होते, "पेंटरनं सकाळी लिवलं व्हतं ना, व्याजाले पाऊस नाही लागत. खरं हाय राजा."

मी तसं लिहिलंच नव्हतं.

घरी येऊन अक्षरं मोजली. माझ्या वाक्यात ३९ होती, आजोबांच्यात ११. "म्हणून परतफेड करा" हा उपदेश त्यांनी दिवसभरात कुठंतरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सांडला. "येवो वा न येवो" सांडलं, "मात्र" सांडलं. उरलं ते फक्त व्याज आणि पाऊस, समोरासमोर. कास्तकाराचं सगळं पावसावर अडतं. एकच पीक असं, की जे बिनपावसाचं वाढतं. हे मी लिहिलं नव्हतं, त्यांनी काढलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांचं वाक्य लिहिलं, आणि ते पाच-सहा दिवस पुसायची हिंमत झाली नाही, कारण बाजूच्या गावचे लोक फोटो काढत होते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. सकाळी लिहायचं, आणि संध्याकाळी दोघा-तिघांना विचारायचं, "सकाळी काय लिहिलं होतं?" प्रश्न हाच. "कसं वाटलं?" असं विचारलं तर गावात प्रत्येक जण "लय भारी" म्हणतो आणि विषय संपतो. काय होतं असं विचारलं की माणूस आठवायला लागतो, आणि चुकतो. ती चूक वहीत उतरवा. तो काय विसरला ते फालतू होतं. त्यानं एखाद्या शब्दाच्या जागी स्वतःचा शब्द घातला असेल, तर तुमचा शब्द पुस्तकी होता. तिघांनी तीन वेगळी वाक्यं सांगितली, तर तुमच्या एका वाक्यात तीन होती. त्यातलं एक ठेवा. आणि कुणालाच काही आठवलं नाही तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, फळा पुसा.

मोठ्या माणसांच्या शब्दांचंही असंच होतं. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर इंग्रजीत बोलले, तेव्हा त्या तीन शब्दांचा क्रम असा होता: शिका, संघर्ष करा, संघटित व्हा. मराठीत घोष झाला तो "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा". अर्थाच्या दृष्टीनं कुठला क्रम बरोबर यावर जाणत्यांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. माझ्या पेंटरी कानाला एवढंच कळतं की सर्वांत जड शब्द शेवटी आला की हात आपोआप वर जातो. तुमच्या वाक्याचा शेवटचा शब्द कोणता आहे, तो पाहा. "आहे" असेल तर जागा फुकट गेली. आमच्या म्हणी बघा: "शितावरून भाताची परीक्षा" यात क्रियापदच नाही. "पळसाला पाने तीनच" यात सगळा भार त्या "च"वर आहे. मराठीतलं सर्वांत स्वस्त अवजार म्हणजे हा "च", फक्त एका वाक्यात एकदाच वापरा.

शब्द किती वेगळा असावा याबद्दलही गोंधळ असतो. काही पोरं वजन यावं म्हणून "जीवनपथ", "अंतर्मनाचा हुंकार" असलं काढतात. २०१२ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सिनेमांतली गाजलेली वाक्यं घेतली आणि त्याच पात्रानं त्याच प्रसंगात म्हटलेल्या, पण न गाजलेल्या वाक्यांशी ताडून पाहिली. गाजलेल्या वाक्यांत शब्द जरा अनपेक्षित होते, पण वाक्याची घडण रोजच्या बोलण्यातली होती. शिवाय ती त्या प्रसंगाबाहेर कुठंही नेऊन लावता येत होती. व्याज आणि पाऊस दोन्ही साधे शब्द, वाक्यही साधं. दोघांची गाठ मात्र आधी कुणी घातली नव्हती. मला वाटतं अनपेक्षितपणा तिथं असावा, शब्दकोशात शोधू नये.

बोलीबद्दल. सचिवसाहेबांनी मला एकदा टोकलं, "व्याजाला लिहा, शुद्ध लिहा, वरून तपासणी येते." मी "व्याजाला पाऊस लागत नाही" असं लिहून पाहिलं. अर्थ तोच, पण वाक्य शेवटी सपाट होतं. "नाही लागत" मध्ये दणका शेवटी येतो. उलट सुविचाराला उगाच "मले-तुले"ची फोडणी दिली की ते विनोदी कार्यक्रमासारखं वाटतं. नियम एवढाच ठेवलाय: आधी वाक्य मोठ्यानं म्हणायचं, तोंडात जसं येईल तसं लिहायचं. तपासणीच्या दिवशी मी स्वच्छतेचा सुविचार लिहितो.

यमकापासून सांभाळा

यमक जुळलं की वाक्य खरं वाटायला लागतं. यावर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा २००० सालचा अभ्यास आहे: एकाच अर्थाची दोन वाक्यं दिली, तर यमकाचं लोकांना जास्त खरं वाटतं. म्हणूनच धोका. "पाणी वाचवा, जीवन नाचवा" असं मी एकदा लिहिलंय. लिहिताना फार गोड वाटलं होतं. जीवन का नाचवायचं, कुठं नाचवायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

यमक शिकायचं तर पोळ्याला तोरणाखाली उभं राहा. बैलजोड्या सजून रांगेत असतात, आणि एकेक जण पुढं येऊन झडती, म्हणजे यमकाच्या चार ओळी, म्हणतो. शेवट ठरलेला, "एक नमन गौरा पारबती, हर बोला, हर हर महादेव!" त्याआधीच्या दोन-तीन ओळींत जे काय चिमटे काढायचे ते काढायचे. गेल्या पोळ्याला मी केलेली एक:

कापूस गेला गाडीभर,
पैसा आला मुठीभर,
हिशेब राहिला पाटीवर,
एक नमन गौरा पारबती, हर बोला, हर हर महादेव!

बरी चालली. का, ते सांगतो: तिन्ही ओळींत डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे. गाडी, मूठ, पाटी. माझ्या आधीच्यानं "अन्याय" आणि "न्याय" यांचं यमक जुळवलं होतं, त्याच्या वेळी लोक बैलांकडे पाहत होते. झडतीत समजावून सांगायला वेळच नसतो, पुढचा आधीच घसा खाकरत असतो. ज्याला समजावल्याशिवाय करमत नाही त्यानं एक पोळा तरी तिथं काढावा.

आडात पाणी नसेल तर

वरची सगळी दुरुस्ती वाक्य हातात असेल तेव्हाची. काहींना सुचतच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आड भरायचा तर वही लागते. माझ्या शर्टाच्या खिशात असते, रंगानं माखलेली. त्यात सुविचार लिहीत नाही. पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहितो, जसंच्या तसं.

एक पान दाखवतो. वेचणीचे दिवस होते. वावरात बाया ओटी बांधून कापूस वेचत होत्या. सुकलेल्या बोंडाची टोकं काट्यासारखी असतात, बोटाच्या पेरांत घुसतात, म्हणून दोघींनी बोटाला चिंध्या बांधलेल्या. मला फळ्यासाठी "शेतकऱ्यांच्या कष्टाची जाण ठेवा" असं काहीतरी हवं होतं. मी उगाच म्हटलं, कापूस मस्त पांढरा निघाला यंदा. त्यातली एक हात न थांबवता म्हणाली, "सदरा समदे पायतात भाऊ, बोटं कोण पायते?"

मी वहीत तेच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरही. खाली तिचं नाव टाकू का विचारलं, तर म्हणाली, "कायले? मालक म्हणंन कामाच्या वक्ती गप्पा करत व्हती." म्हणून "वावरात ऐकलेलं" एवढंच लिहिलं. हे वाक्य माझं नाही, आणि माझ्या फळ्यावर आलेल्यांत सर्वांत चांगलं तेच आहे. अशा वेळी स्वतःचं काही घुसडू नये. मी "बोटं" ऐवजी "जखमा" लिहायच्या बेतात होतो. थोडक्यात वाचलो.

गिऱ्हाइकाकडून असंच काढून घ्यावं लागतं. एक पोरगा नवी ट्रॉली घेऊन आला, वडलांवर ओळ हवी. स्वतः सांगितलेली: "वडिलांच्या कष्टामुळेच आज मी इथे आहे." मी म्हटलं, कष्ट राहू दे, बाबाची एखादी वस्तू सांग. बराच वेळ ट्रॉलीच्या चाकाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा वावरात चप्पल नोते घालत. धुऱ्यावर काढून ठेवत. मेले तेव्हा चप्पल नवीच व्हती." झालं, ओळ त्यानंच दिली:

बाबाची चप्पल नवीच राहिली.

१२ अक्षरं, फाळक्यावर एका ओळीत बसली. त्याला शंका होती, लोकांना कळेल का? त्यानं वर रेडियममध्ये "आई-बाबांचा आशीर्वाद" लावूनच घेतलं. पण कापूस विकायला गेला तेव्हा रांगेत मागच्या गाडीवाल्यानं उतरून विचारलं म्हणे, बाबा काय करत होते. आशीर्वादाबद्दल कुणी विचारलं नाही.

जागेचंही तेवढं पाहा. माझा फळा ४ फुटांचा, अक्षर ३ इंचांचं, म्हणजे एका ओळीत १५-१६ अक्षरं. दोन ओळींत बसत नाही ते मी लिहीतच नाही. मोबाइलवर लिहिणाऱ्यांना जागेची अडचण नसते, आणि माझ्या मते त्यांचा निम्मा बिघाड तिथंच आहे. दोरीला खडू लावून भिंतीवर दोन रेघा मारा, ब्रश हातात घ्या, आणि "वास्तविक पाहता" लिहून दाखवा बरं.

एक बिघाड मात्र मला अजून दुरुस्त करता आलेला नाही: आईवरची ओळ. वस्तू विचारली तरी प्रत्येकाकडे चूल, पदर आणि भाकर हेच निघतं, आणि अर्धं सांगितलं की समोरचा पूर्ण करतो. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकासाठी १९ ओळी केल्या आणि सगळ्या पुसल्या. शेवटी फाळक्यावर नुसतं "आई" लिहिलं, ९ इंची अक्षरात, आणि पैसे एका ओळीचेच घेतले.